विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात काम शिकायचं तर

संग्रहालयशास्त्राची पदविका हातात घेऊन येणाऱ्या बहुतेक मुला-मुलींना क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनासाठी वस्तू निवडणारे, व्हायचं असतं. मी त्यांना आधी दालनात उभं करते, मग रजिस्टर लिहायला बसवते, मग चित्रं टांगणाऱ्या सुतारकाकांच्या हाताखाली देते. प्रदर्शनासाठी चित्रं निवडायची वेळ त्यानंतर येते. दक्षिण मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात मी स्वतः याच क्रमाने शिकले आणि मला तो क्रम आजही बरोबर वाटतो. प्रत्येक कामात तेच चित्र वेगळं दिसतं. पहाऱ्यावर असताना त्याच्या आसपासची माणसं दिसतात, रजिस्टर लिहिताना त्याची मागची बाजू दिसते, टांगताना त्याचं वजन कळतं. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने चित्र निवडलं की निवड बदलते.

विद्यापीठातलं संग्रहालय हे शहराच्या मोठ्या संग्रहालयापेक्षा वेगळ्या कारणासाठी उभं राहतं. कोलकाता विद्यापीठात १९३७ साली आशुतोष संग्रहालय सुरू झालं, बनारस हिंदू विद्यापीठात भारत कला भवन आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहासकार फादर हेरास यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या संस्थेचा संग्रह आहे, आणि १८५७ सालापासूनच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचा संग्रह तर शिकवता शिकवताच जमत गेला. अशा ठिकाणी वस्तू मुख्यतः शिकवण्यासाठी आणि शिकण्यासाठी असते. माणसं मात्र कमी असतात. प्रमुख बहुधा एखादे प्राध्यापक, अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे. त्यांच्या खाली दोन-तीन जण, आणि त्यांच्यातच नोंदणी, जतन, मांडणी, शाळांच्या सहली, हिशेब, फोटोग्राफी सगळं वाटलेलं. म्हणून इथे एकच काम येऊन भागत नाही.

दालनातला पहारा

सकाळी दार उघडण्याआधी एक फेरी मारायची. हातात दालनाची यादी, आणि फेरी रोज एकाच दिशेने. नजर आधी चित्रावर, मग फ्रेमच्या खाली जमिनीवर, मग भिंतीवर, शेवटी छतावर. फ्रेमखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर लाकूड पोखरणारा किडा आत आहे. भिंतीवर मातीची बारीक रेघ चढलेली असेल तर वाळवी. एसीच्या तोंडाखाली ओला डाग असेल तर त्याच क्षणी त्याखालची वस्तू हलवायला सांगायची. आमच्या पहाऱ्यावरच्या मामांनी कलेचा कुठलाही अभ्यासक्रम केलेला नाही, पण कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी दिसतं, कारण ते रोज बघतात. नव्या माणसाने निदान काही आठवडे त्यांच्याबरोबर उभं राहावं. लोक कुठे थांबतात, कुठल्या लेबलाशी डोळे बारीक करतात, कुठल्या शिल्पाकडे लहान मुलांचा हात जातो, हे तिथेच कळतं.

पाठीवरची सॅक हा मुंबईतला मोठा धोका आहे. विद्यार्थी वळला की सॅक फ्रेमला लागते. ‘सॅक काढा’ म्हटलं की लोक नाराज होतात. ‘लोकलमध्ये घेता तशी पुढे घ्या’ म्हटलं की लगेच घेतात. पावसाळ्यात छत्र्या आणि रेनकोट दारातच, आणि त्यासाठी खाली ट्रे असलेला स्टँड हवाच. ओल्या छत्रीचं पाणी दालनात आलं की ते हवेत जातं आणि हवेतून कागदात. कुणी हात लावायला गेलं तर ओरडायचं नाही. जवळ जाऊन सांगायचं, ‘हे शाईचं काम आहे, बोटांच्या घामाचा डाग कायमचा राहतो.’ कारण कळलं की माणूस हात मागे घेतो, आणि पुष्कळदा आणखी काहीतरी विचारतो. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

रजिस्टर

संग्रहालयातलं सगळ्यात मोठं काम माझ्या मते हेच आहे. ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू संग्रहालयाची आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवही, बांधीव असावं, पानांवर छापील क्रमांक असावेत, लिखाण टिकाऊ काळ्या शाईत. पान फाडायचं नाही, पांढरा रंग लावून खोडायचं नाही. दुरुस्ती करायची असेल तर एकच आडवी रेघ, बाजूला योग्य मजकूर, सही आणि तारीख. संगणकावरची नोंद वेगळी ठेवाच. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली आहे, ती केंद्र सरकारच्या संग्रहालयांत वापरली जाते. लहान संग्रहालयाला साधी स्प्रेडशीटही चालते. पण कागदाचं रजिस्टर बंद करू नका.

क्रमांक साधा ठेवा. २०२४.३.१२ म्हणजे २०२४ साली आलेल्या तिसऱ्या गटातली बारावी वस्तू. क्रमांकात ‘चित्र’, ‘शिल्प’ असली अक्षरं घालण्याचा मोह टाळा, कारण पुढे एखादी वस्तू दोन्हींत बसते आणि वाद सुरू होतात. नोंदीत वस्तू कशी आली (दान, खरेदी, की विभागाकडून हस्तांतर), कुणाकडून आली, सोबतचं पत्र कुठल्या फायलीत आहे, माध्यम, सही कुठे आहे, आणि मापं. मापं सेंटिमीटरमध्ये, उंची आधी आणि रुंदी नंतर, फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय वेगवेगळी. मागच्या बाजूचा फोटो विसरू नका. जुन्या प्रदर्शनांची लेबलं, फ्रेम करणाऱ्या दुकानाचा शिक्का, विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक, परीक्षकाची सही, हे सगळं मागेच असतं.

क्रमांक वस्तूवर लिहिण्याची पद्धत माध्यमाप्रमाणे बदलते. कागदावर मागच्या खालच्या कोपऱ्यात मऊ २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने. कापडाला सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती पट्टी दोन-चार टाक्यांनी शिवायची. धातू किंवा दगडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर. पुढे कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. बॉलपेन, मार्कर, सेलोटेप, स्टेपलर हे संग्रहाच्या खोलीत आणूच नयेत.

आता विद्यापीठाची खास अडचण. जुनी चित्रं संग्रहालयात कमी आणि डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कार्यालयाच्या सामानाच्या नोंदवहीत, जास्त असतात. कुणी माजी विद्यार्थ्याने भेट दिलेलं तैलचित्र सभागृहात टांगलं जातं आणि कार्यालय त्याची नोंद पंखे, खुर्च्या, कपाटांबरोबर करतं. मग हिशेबाच्या नियमाने त्याची किंमत दर वर्षी घटते, आणि ‘जुनं, निरुपयोगी’ म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या वस्तूंच्या, यादीतही ते जाऊ शकतं. ज्यांनी ते काढलं त्यांच्या मेहनतीचा विचार केला की मला हे सहन होत नाही. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण तो चालतो: प्रत्येक विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर मागवा, पानोपान वाचा, ‘फोटो’, ‘तसबीर’, ‘पुतळा’, ‘शोभेची वस्तू’ अशा प्रत्येक ओळीपुढे खूण करा आणि त्या खोलीत स्वतः जाऊन बघा. सापडलेल्या वस्तूचा डेडस्टॉक क्रमांक आपल्या रजिस्टरात आणि आपला क्रमांक त्यांच्या रजिस्टरात, असा दोन्हीकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. वस्तू लगेच हलवण्याचा आग्रह धरू नका. कुठल्याही कार्यालयाला आपली भिंत मोकळी झालेली आवडत नाही. नोंद झाली, जागा लिहिली गेली, वर्षातून एकदा बघायचा हक्क मिळाला, एवढं आधी पुरे.

वस्तूची स्थिती लिहिताना ‘खराब’, ‘बरी’ हे शब्द कुणाच्याच कामाचे नाहीत. ‘पाहणाऱ्याच्या डावीकडे, वरच्या कोपऱ्यापासून ४ सेंमी खाली, २ सेंमी लांब चीर, आसपास रंगाचे पोपडे सुटलेले नाहीत’ असं लिहा. छोटी टॉर्च चित्राच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरली की उचललेले पोपडे, सुरकुत्या, जुनी दुरुस्ती सगळं सावल्यांसह दिसतं. कर्जाऊ जाणाऱ्या वस्तूचा असा अहवाल जाताना, पोचल्यावर, निघताना आणि परत आल्यावर अशा चारही वेळा करायचा. विमाही भिंतीवरून उतरल्यापासून पुन्हा त्याच भिंतीवर चढेपर्यंतचा हवा, नुसत्या प्रवासाचा नको.

कायद्याच्या दोन गोष्टी नोंदणी पाहणाऱ्याला तोंडपाठ असाव्यात. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षं किंवा अधिक जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांची चित्रं वय न पाहता देशाबाहेर विकता येत नाहीत. दुसरी गोष्ट, चित्र आपल्याकडे आहे म्हणजे ते छापण्याचा हक्क आपला झाला असं नव्हे. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं आज छापायला मोकळी आहेत. मकबूल फिदा हुसेन २०११ साली गेले, त्यांच्यासाठी वारसांची परवानगी लागते. कुलगुरूंच्या कार्यालयातून नववर्षाच्या कॅलेंडरसाठी चित्र मागितलं की ही तारीख आधी बघायची आणि लेखी कळवायची. दानपत्र करतानाच दात्याकडून, आणि दाता स्वतः चित्रकार असेल तर नक्कीच, शैक्षणिक वापराची परवानगी लिहून घेतली तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

उचलणं, टांगणं, नेणं

हात लावण्याआधी ठरवा: हे मी कुठे ठेवणार? ती जागा रिकामी आहे का, वाटेत दार उघडं आहे का, खाली फोमचे ठोकळे मांडलेत का? मगच उचला. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र, खिशातलं पेन काढून ठेवा. फ्रेम वरून कधी धरायची नाही. एक हात खाली, एक बाजूला. एका वेळी एकच वस्तू, मग ती वीतभर का असेना. धातू आणि फोटोंसाठी नायट्राइलचे हातमोजे. कागदासाठी धुतलेले, पूर्ण वाळवलेले हात अधिक बरे, कारण कागदाची कड बोटाला कळावी लागते. मे महिन्यात मात्र मुंबईत हात कोरडे राहतच नाहीत, तेव्हा कागदालाही मोजे घाला.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर येऊ द्या. सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत आला की आकार वेगळे असले तरी भिंत शांत दिसते. आमचे सुतारकाका टेपने मापतात, स्पिरिट लेव्हल लावतात आणि मग दहा पावलं मागे जाऊन डोळ्यांनी बघतात. जुन्या दगडी इमारतींत जमीनच सरळ नसते, तेव्हा लेव्हल बरोबर असूनही चित्र कललेलं वाटतं. तिथे डोळ्याचं ऐकायचं. हेरिटेज इमारतीच्या भिंतीत विचारल्याशिवाय ड्रिल घालू नका. वरच्या लाकडी पट्टीवरून तारेने टांगण्याची जुनी सोय असेल तर तीच वापरा.

फोर्टहून उपनगरातल्या कलिनाला चित्र न्यायचं असेल तर टेम्पो पहाटेचा ठरवा, आणि जून ते सप्टेंबर शक्यतो नेऊच नका. कॅनव्हास गाडीत उभा, धावण्याच्या दिशेला समांतर ठेवायचा, म्हणजे ब्रेक लागला की धक्का कडेवर जातो, पृष्ठभागावर येत नाही. चालकाला चहा पाजा आणि आत काय आहे ते सांगा. माहीत असलेला चालक खड्डा हळू घेतो.

जतन: कुठे थांबायचं ते

दुरुस्ती प्रशिक्षित संवर्धकाने करायची. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे सल्ला घ्या. आपलं काम बिघाड होऊ न देण्याचं आहे, आणि मुंबईत ते हवेशी भांडण आहे. जुलैत बाहेरची आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. ६५च्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरू लागते. दिवसा एसी लावून संध्याकाळी बिल वाचवायला बंद करणं ही सर्वांत वाईट सवय. थंड झालेल्या भिंतींवर आणि काचांवर रात्रीची दमट हवा येऊन बसते, आणि हे दर चोवीस तासांनी होतं. एसी रात्रभर परवडत नसेल तर दिवसाही बेताचा ठेवा आणि रात्री डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) आणि पंखे चालवा. बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीवर कागदाचं काम टांगू नका. टांगावंच लागलं तर फ्रेममागे बुचाचे तुकडे लावून हवेला फट ठेवा.

बुरशी दिसली तर दालनात ब्रशने झाडू नका, तिचे बीजाणू सगळीकडे उडतात. मास्क घालून वस्तू पॉलिथिनमध्ये अलग करा, कोरड्या खोलीत न्या, तारीख लिहा, संवर्धकाला कळवा. कांस्यमूर्तीवर फिकट हिरवी भुकटी आली तरी हेच. समुद्राच्या खाऱ्या हवेतलं क्लोराइड धातूला आतून खातं आणि चिंच लावून घासलं की मूर्तीचा मूळ पृष्ठभागही जातो. डांबरगोळ्या कपाटांतून काढून टाका, त्यांच्या वाफा तिथे काम करणाऱ्या माणसांना बाधतात.

उजेड मोजण्यासाठी लक्समीटर घ्या, उजेड लक्समध्ये मोजतात. जलरंग, कागद, कापड यांना ५० लक्स, तैलरंगाला १५० ते २०० पुरतात. रंग एकदा उडाला की परत येत नाही, म्हणून कागदाची कामं काही महिने दाखवून अंधारात विश्रांतीला ठेवावीत.

कार्यालयाची भाषा

हेही शिकावं लागतं. विद्यापीठात खरेदी तीन कोटेशनं घेऊन होते आणि सर्वांत कमी दर मंजूर होतो. ‘चित्रं ठेवायला पुठ्ठ्याची खोकी’ एवढंच लिहिलंत तर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा येईल, आणि त्यातलं आम्ल काही वर्षांत चित्र पिवळं करेल. मागणीपत्रातच लिहा: पुठ्ठा आम्लमुक्त, पीएच ७ पेक्षा कमी नसावा, लिग्निन (लाकडातलं, कागद पिवळा करणारं द्रव्य) नसावं, नमुना तपासूनच स्वीकारला जाईल. पीएच पेन स्वस्त मिळतं. पुठ्ठ्यावर रेघ ओढायची, जांभळी उमटली तर ठीक, पिवळी पडली तर परत पाठवायचं. छत गळत असेल तर अर्जासोबत फोटो, तारीख आणि त्या दिवसाची आर्द्रता जोडा. अभियंत्यांच्या टेबलावर ‘अमूल्य ठेवा’ या शब्दांपेक्षा ‘१२ जुलै, ८७ टक्के’ ही ओळ लवकर पुढे सरकते.

निवडणं आणि शिकवणं

आता कुठे क्युरेटरचं काम. विद्यापीठात हे काम एकट्याने करू नये. एकाच व्यक्तिचित्रासमोर रसायनशास्त्राची मुलगी रंगद्रव्य विचारते, इतिहासाचा मुलगा पगडीचा घाट बघतो, मराठी विभागातल्या मुलांकडून लेबल लिहून घेता येतं. त्या सगळ्यांना आत आणणं हाच क्युरेटरचा मोठा भाग आहे. विद्यार्थ्यांच्या कामाला कमी लेखू नका. १८७२ ते १८८५ या काळात जे.जे.त शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बऱ्याच लंडनमध्ये आगीत गेल्या, पण उरलेल्या नकलांत आज लेण्यांत न दिसणारे तपशील आहेत. वर्गातला अभ्यास म्हणून आज कोपऱ्यात पडलेल्या कागदाला उद्या हीच किंमत येऊ शकते.

लेबल साठ-सत्तर शब्दांत बसवा आणि छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा, मामांना किंवा सफाईच्या ताईंना. ते ‘म्हणजे काय?’ म्हणाले की ते वाक्य पुन्हा लिहा. आधी मराठी लिहा, मग इंग्रजी. उलट केलं की मराठी लेबल ताठ होतं आणि कुणी वाचत नाही.

शाळेची सहल आली तर सगळं दालन दाखवू नका. वीस मुलं, एक चित्र, खाली बसून. पहिली पाच मिनिटं फक्त बघायचं, मग प्रत्येकाने दिसलेली एक गोष्ट सांगायची, मग पेन्सिलने काढायचं. पेन, खडू, पाण्याची बाटली दाराबाहेर. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यांना रांगा लावायला उभं न करता असा एक गट सांभाळायला शिकवा. ती मुलं पुढे आपल्या आई-वडिलांना घेऊन येतात.

सुरुवात कशी करायची

पदविका हवी असेल तर मुंबईतच सोय आहे: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचे, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आधुनिक कला आणि क्युरेशनचे अभ्यासक्रम झाले आहेत. प्रवेशाच्या तारखा त्यांच्याकडेच बघा. पण पदविकेची वाट न पाहता आपल्याच विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संग्रहाकडे अर्ज करा, आणि अर्जात ‘कलेची आवड आहे’ असं न लिहिता काय करून द्याल ते लिहा: ‘आठवड्यातून दोन दुपारी येऊन डेडस्टॉक रजिस्टर पडताळेन’ किंवा ‘कागदावरच्या कामांचे मागचे-पुढचे फोटो काढून नोंदी करेन’. असा अर्ज नाकारणारा प्रमुख मी अजून पाहिलेला नाही. मे महिन्यात जा, पावसाआधी वस्तू हलवायला माणसं हवी असतात. सोबत २बी पेन्सिल, खोडरबर, कापडी मापपट्टी, छोटी टॉर्च आणि वही घ्या. पहिल्या दिवशी प्रमुखांना भेटून झालं की पहाऱ्यावरच्या मामांना गाठा आणि गेल्या पावसात कुठल्या भिंतीला ओल आली होती ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.